मॅन्युअल हॅचबॅकचा ड्रॅग लाँच: क्लच किती घसरू द्यायचा, टायर किती

ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत पाव मैल धावायची शर्यत, आणि लाँच म्हणजे तिची सुरुवात. प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढची चाकं ओढणारी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरबॉक्स, साधे रोड टायर. लाइनवरून सुटताना एकतर चाकं जागच्या जागी फिरतात, नाहीतर इंजिन दबतं आणि गाडी गचका खाऊन रेंगाळते. दोन-तीन रन झाले की क्लचचा वास येतो. पहिल्या ६० फुटांना २.८ सेकंद लागतात. मग क्लच नेमका किती आरपीएमवर सोडायचा?

नुसता आरपीएमचा आकडा सांगून तुमचं काम होणार नाही. एकच गाडी सकाळी गार टायरवर ३००० ला चाकं फिरवते आणि दुपारी तापलेल्या डांबरावर त्याच ३००० ला दबते. आकड्यामागचा हिशेब कळला तर तो आकडा दर रनला तुमचा तुम्हालाच काढता येतो, म्हणून आधी तो मांडतो.

१८५/६० आर १५ मापाचा टायर एका फेरीत साधारण १.८७ मीटर जातो. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा गिअर) यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार १४ धरू, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या १४ फेऱ्या. तुमच्या गाडीचे खरे आकडे तिच्या तांत्रिक माहितीत मिळतील. इंजिन ३००० आरपीएमवर फिरतंय आणि क्लच पूर्ण बसलाय, तर गाडीचा वेग ताशी २४ किलोमीटर असलाच पाहिजे. ५००० आरपीएमला तोच वेग ताशी ४० होतो. पण लाइनवर गाडी तर उभी आहे. इंजिन आणि चाकं यांच्यातली ही तफावत कुठेतरी जिरवावी लागते, आणि त्यासाठी जागा तीनच आहेत: क्लच घसरेल, टायर घसरेल किंवा इंजिनचे आरपीएम पडतील. क्लच फटकन सोडलात तर तो घसरत नाही, त्यामुळे उरलेल्या दोघांपैकी जो आधी हार मानेल त्याच्यावर सगळा भार जातो. टायर कमजोर असेल तर चाकं फिरतात, टायर पकडून असेल तर इंजिन दबतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हेच आहे. पाय फार लवकर वर येतोय.

आता टायर किती झेलू शकतो ते पाहू. चालकासह गाडीचं वजन ११०० किलो, त्यातलं ६० टक्के पुढच्या चाकांवर. गाडी सुटली की वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं नेमकी गरज असते तेव्हाच हलकी होतात. व्हीलबेस २.४७ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर आणि डांबरावरची पकड ०.९ धरली, तर अशा गाडीला जास्तीत जास्त सुमारे ०.४५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पट) इतकाच वेगवाढीचा जोर मिळतो. तेवढ्यासाठी क्लचमधून साधारण ११५ न्यूटन मीटर टॉर्क गेला तरी पुरतो. फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआयच्या जातीचं इंजिन १७५ न्यूटन मीटर देतं. म्हणजे गाडी मुळीच रिमॅप केलेली (इंजिनच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलेली) नसली तरी पहिल्या गिअरमध्ये टायरला पेलवेल त्यापेक्षा दीडपट टॉर्क तुमच्या पायाखाली आहे. लाँचमध्ये तुम्हाला ताकद शोधायची नाहीये, असलेली ताकद मोजून सोडायची आहे. ११५ च्या वर गेलात की जास्तीचा सगळा टॉर्क रबर जाळण्यात जातो.

याच हिशेबाने वेळही निघते. ०.४५ जी ने ताशी २४ किलोमीटर गाठायला दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात गाडी पाच मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ३००० आरपीएमच्या लाँचमध्ये क्लच दीड सेकंद घसरत राहायला हवा. टायर पाच-दहा टक्के घसरू दिला आणि इंजिन थोडं खाली येऊ दिलं, तर हा काळ एक ते सव्वा सेकंदावर येतो. बहुतेकांचा पाय अर्ध्या सेकंदात वर आलेला असतो.

मग जास्त आरपीएम ठेवून जास्त वेळ क्लच का घसरवू नये? कारण उष्णता. अशा लाँचमध्ये क्लचमध्ये जिरणारी ऊर्जा ही तोपर्यंत गाडीने मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ३००० च्या लाँचला सुमारे २४ किलोज्यूल, ५००० च्या लाँचला ६८. आरपीएम पावणेदोन पटही झाले नाहीत, उष्णता मात्र पावणेतीन पट. साध्या रोड टायरवर ५००० च्या लाँचने वेळेत काहीही कमाई होत नाही, कारण मर्यादा टायरची आहे. त्यामुळे टायर सोसेल त्यातला सर्वांत कमी आरपीएम तोच चांगला, असं माझं ठाम मत आहे. टर्बो हॅचबॅकला २५०० ते ३२०० च्या पट्ट्यात सुरुवात करा. टर्बो नसलेल्या १.२ किंवा १.५ लिटरच्या इंजिनाला खालचा टॉर्क कमी असतो, तिथे ३५०० ते ४५०० लागू शकतात.

आता पाय. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात बाक राहील. डाव्या पायाची टाच फ्लोअरवर टेकलेली आणि हालचाल घोट्यातून. अख्खा पाय मांडीपासून उचलणारा माणूस क्लच मोजून सोडूच शकत नाही. मांडीचा स्नायू जोरासाठी आहे, बारीक हालचालीसाठी नाही. जाड तळाचे बूट नकोत. क्लच पेडलखाली दुमडलेली मॅट असेल तर ती काढून टाका.

पेडलचा प्रवास तीन टप्प्यांत बघा. तळापासून बाइटिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे क्लच पकडायला लागतो त्या जागेपर्यंत, काहीच घडत नाही, हा भाग झटकन पार करायचा. बाइटिंग पॉइंटपासून पुढचे दोन-तीन सेंटीमीटर म्हणजे सगळा लाँच. सव्वा सेकंद इथेच घालवायचा. आरपीएम आणि वेग जुळले की उरलेला प्रवास पुन्हा झटकन. चूक जवळपास नेहमी मधल्या टप्प्यात होते: गाडी हलली की माणसाला वाटतं झालं, आणि पाय सुटतो. पाय तिथेच रोखून धरा. गाडी हलल्यानंतरचं पहिलं सेकंद हेच खरं काम आहे.

उजव्या पायाचं काम तेवढंच महत्त्वाचं, टर्बो गाडीत तर जास्तच. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून रेस दिली की टॅकोमीटर वर जातो, पण बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा जोर) जवळजवळ तयार होत नाही, कारण इंजिनवर भार नसतो आणि एक्झॉस्टमधून पुरेसा गॅस जात नाही. क्लच पकडायला लागतो तेव्हा भार येतो, आणि मग बूस्ट. म्हणून ३००० वर नुसतं हलकं रेस धरलेलं असताना पाय तसाच ठेवून क्लच सोडला तर इंजिन दबतं. क्लच बाइटवर येतो त्याच क्षणी ॲक्सिलरेटर आणखी दाबायचा, इतका की आरपीएम खालीही जाणार नाहीत आणि वरही धावणार नाहीत. टॅकोमीटरचा काटा स्थिर आणि गाडी वेग घेतेय, असं दिसलं तर लाँच बरोबर चाललाय. काटा वर पळाला तर क्लच किंवा टायर जास्त घसरतोय. काटा २००० च्या खाली आला तर टर्बोचा जोर गेला, तो परत येईपर्यंत शेजारचा पुढे गेलेला असतो. नुकता बूस्ट भरताना टॉर्क एकदम चढतो, त्यामुळे पाच-सात मीटरवर चाकं पुन्हा सुटायला बघतात. तिथे पाय अगदी थोडा मागे, पूर्ण वर नाही.

हे सगळं सार्वजनिक रस्त्यावर शिकायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाइटिंग पॉइंटचा सराव बंद आवारात, रेस न देता करता येतो. सपाट जागेवर नुसत्या आयडलवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी इंचाइंचाने पुढे न्या, थांबा, पुन्हा न्या. घोट्याला जागा कळेपर्यंत हेच. याने क्लचही फार झिजत नाही.

लाइनवर उभं राहण्यातही वेळ मिळवता येतो. दोन प्रकाशकिरण असतात, प्री-स्टेज आणि स्टेज, एकमेकांपासून सात इंचांवर. पुढचा टायर स्टेजचा किरण अडवतो तेव्हा तुम्ही तयार, आणि टायर तो किरण सोडून पुढे जातो तेव्हा तुमचं घड्याळ सुरू होतं. म्हणून स्टेजचा दिवा नुकता लागेल तेवढंच पुढे जा. मग घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला साधारण फूटभर धाव मिळते, आणि उभ्या गाडीसाठी पहिला फूट सर्वांत हळू जातो: ०.४५ जी ने सुमारे ०.३७ सेकंद. खोलवर घुसून उभे राहिलात तर हे सगळं घड्याळात मोजलं जातं. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही किती वेळाने निघालात याचा तुमच्या धावेच्या वेळेशी संबंध नाही. तो रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा छापून येतो. त्यामुळे लाँच बसवण्याच्या काळात दिव्याची घाई सोडून द्या. हिरवा दिसू दे, मग शांतपणे निघा. पाय बसला की मग दिवे शिका: तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागत असतील तर तिसरा पिवळा दिसताच सुटायचं, हिरव्याची वाट बघायची नाही, कारण तुमचा मेंदू आणि गाडी मिळून तो अर्धा सेकंद खातातच.

क्रम असा ठेवा. स्टेजला येताना क्लच घासत सरकू नका. दोन-तीन छोट्या हालचालींत या आणि मध्ये क्लच पूर्ण दाबा. चढ-उतार असेल तर हँडब्रेक घट्ट ओढून बटण अंगठ्याने दाबलेलंच ठेवा. दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की मगच आरपीएम बांधा. पहिल्या पिवळ्याला क्लच बाइटला नुकता टेकेल एवढा आणा. इतका, की बॉनेट किंचित ताठ झाल्यासारखं जाणवेल. एक्सल, गिअर, माउंटिंग यांच्यातली ढिलाई तेवढ्यात निघून जाते आणि सुटताना ठोका बसत नाही. पण हे सेकंदभरच. ३००० आरपीएमवर ४० न्यूटन मीटर इतका हलका घास धरला तरी क्लचमध्ये १२ किलोवॉटहून जास्त उष्णता तयार होत असते. शेजारची गाडी स्टेजला येईपर्यंत अर्ध्या क्लचवर थांबणारे लोक रन सुरू होण्याआधीच प्लेट भाजतात. तुमच्या वासाचं एक कारण इथेही असू शकतं.

टायरकडे मी आरपीएमइतकंच लक्ष देईन. पुढच्या टायरमधली हवा नेहमी ३३ पीएसआय असेल तर ती २६ ते २८ वर आणा, एका वेळी दोन पीएसआय. मागच्या टायरमध्ये ३८-४० ठेवा, पण टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. मागे डांबराशी घर्षण कमी लागतं आणि गाडी मागे कमी बसते. पुढे २४ च्या खाली जाऊ नका. रोड टायरचा मधला भाग आत दबतो, कडाच टेकतात, आणि ताशी दीडशेच्या वेगाला असा टायर धोक्याचा. परतीच्या प्रवासाआधी हवा परत भरा, पंप सोबत असू द्या.

बर्नआउट (जागच्या जागी चाकं फिरवून टायर तापवणं) हा रोड टायरचा विषय नाही. लाइनमागे पाणी टाकलेलं असेल तर त्याला वळसा घालून या. नक्षीच्या खाचांमध्ये पाणी अडकतं आणि नेमकं लाइनवर टपकतं. कोरड्या जागी दोन सेकंद चाकं फिरवून खडी आणि धूळ झटकली की पुरे. धूर निघेपर्यंत फिरवलेला साधा टायर वरून तेलकट होतो आणि पकड कमी होते. डिकीतली स्टेपनी, जॅक, सामान काढा. त्याने वजन तर कमी होतंच, शिवाय मागचं वजन गेल्याने पुढचा हिस्सा वाढतो. टाकी बहुतेक गाड्यांत मागेच असते, म्हणून पाव टाकीवर या, त्याहून कमी नको. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक जरा सुटलं की ईसीयू (इंजिनचा संगणक) ताकद कापतो आणि तुम्हाला वाटतं गाडी दबली. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबून पूर्ण बंद होत नाही, मॅन्युअल वाचून खात्री करा.

महाराष्ट्रात आयोजित ड्रॅग म्हटलं की लोणावळ्याजवळची अँबी व्हॅलीची धावपट्टी आठवते. व्यावसायिक ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या भागात चिकट रसायन फवारून रबर चढवलेलं असतं. परदेशातल्या व्हिडिओंमधले आरपीएम त्या पृष्ठभागाचे असतात. धावपट्टीवर तसली पकड गृहीत धरू नका. शक्य असेल तर आपल्या लेनमध्ये आधी चालत जा. बारीक खडी कुठे साठलीय, आधीच्या गाड्यांच्या रबराचे काळे पट्टे कुठे आहेत ते बघा आणि पुढची चाकं त्या पट्ट्यांवर आणा. लोणावळा परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, हवा विरळ असते. टर्बो नसलेल्या गाडीची ताकद सहा-सात टक्के उतरते, तिला मुंबईत जमलेला आकडा तिथे दोन-तीनशेने वर न्यावा लागतो. टर्बो गाडीला तिथे उंचीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त. इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा रेडिएटर) तापला की बूस्टचा जोर उतरतो, म्हणून रांगेत बॉनेट उघडं ठेवा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे व्हीलहॉप. चाक पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं, आणि डॅशबोर्ड धडधडायला लागतो. इंजिन माउंटिंग आणि कंट्रोल आर्मचे बुश स्प्रिंगसारखे पिळले जाऊन सुटत असतात, आणि प्रत्येक वेळी पकड परत मिळते तेव्हा एक्सलवर ठोका बसतो. एक्सलचा जॉइंट किंवा गिअरबॉक्समधलं डिफरेन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) तुटतं ते इथेच. धडधड सुरू झाली की पूर्ण पाय काढायचा, तो रन सोडून द्यायचा. अर्धवट रेस ठेवून त्यातून बाहेर पडता येत नाही. वारंवार होत असेल तर खालचं, इंजिनला पुढे-मागे डोलण्यापासून रोखणारं माउंटिंग आधी तपासा. रबर फाटलेलं निघण्याची शक्यता खूप असते. त्यात कडक पॉलियुरेथेन इन्सर्ट बसवणं हा कमी खर्चातला सर्वांत गुणाचा बदल आहे. आयडलवर थोडी थरथर केबिनमध्ये येईल, ती सहन करावी.

फटकन क्लच सोडण्याबद्दल एवढंच: फ्लायव्हील आणि क्रँक ५००० वर फिरत असताना त्यांच्यात भरपूर ऊर्जा साठलेली असते, आणि क्लच एकदम बसला की ती क्षणभरात गिअरबॉक्समध्ये घुसते. त्या क्षणी एक्सलवर येणारा टॉर्क इंजिनच्या छापील टॉर्कहून बराच जास्त असतो. टायर फिरून सुटला म्हणून बऱ्याचदा काही तुटत नाही. चिकट टायर लावल्यावर हीच सवय ठेवली तर टायर ऐवजी गिअरबॉक्स हार मानतो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीतही तसंच. तिथे टायर घसरत नाही, म्हणून तफावत मोजून क्लचमध्येच जिरवावी लागते.

खर्च करायचाच असेल तर माझा क्रम टायर, माउंटिंग, मग लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक सुटून फिरू न देणारं), मग क्लच असा आहे. रिमॅप सर्वांत शेवटी. करणारच असाल तर ट्यूनरला पहिल्या गिअरमधला टॉर्क मर्यादित ठेवायला सांगा. हलकं फ्लायव्हील लाँचसाठी नको. त्यात ऊर्जा कमी साठते, इंजिन पटकन दबतं आणि तुम्हाला आरपीएम वाढवावे लागतात. कडक रेसिंग क्लच प्लेट अशा गाडीत बहुधा उलटी पडते. तिचा बाइट इतका अरुंद असतो की मधला टप्पाच नाहीसा होतो. पेडल झटकन सोडूनही क्लच उशिरा पकडत असेल तर क्लच लाइनमध्ये वेग मंदावणारा व्हॉल्व्ह आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या; काही गाड्यांत कारखान्यातूनच असतो. क्लचचं तेल जुनं झालं असेल तर बदला, गरम झाल्यावर बाइटिंग पॉइंट सरकतो.

दर रनला एकच गोष्ट बदला आणि ६० फुटांचा आकडा लिहून ठेवा. चाकं फिरली तर आरपीएम २५० ने खाली, इंजिन दबलं तर २५० ने वर. हवा, आरपीएम आणि पायाची पद्धत एकदम बदललीत तर काय लागू पडलं ते कळत नाही. साध्या टायरवर २.८ वरून २.५-२.६ वर येणं पूर्णपणे हाताबाहेरचं नाही, आणि ६० फुटांत वाचलेला प्रत्येक दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन मिळतो.

दोन रनमध्ये किमान दहा-पंधरा मिनिटं ठेवा. त्या वेळात गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण बाहेर, इंजिन आयडलवर. पेडल दाबून उभे राहिलात तर प्लेट फ्लायव्हीलपासून सुटी होते आणि तिची उष्णता लोखंडात उतरत नाही. वास आला तर पुढचा रन सोडा. सुटताना नवी थरथर जाणवायला लागली तर प्लेट चकाकून गुळगुळीत झालीय किंवा फ्लायव्हीलवर तापून डाग पडलेत. घरी जाताना मोकळ्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत, चौथ्या गिअरला २००० आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. काटा चढतोय पण वेग त्याच्या मागे येत नाही असं दिसलं, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलायचे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकच लागते.